एक खरे ‘नाही’

गेल्या डिसेंबरातील एका रविवारची गोष्ट. पुण्याचे लग्न आटोपून आम्ही सांगलीस परतत होतो. मोटारीत हे, मी, आठ वर्षांची नात आणि आमच्या आत्याबाई. आत्याबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही, हा नियम त्यांनी ऐन पस्तिशीत घेतला आणि आजवर पाळला. कांदा, लसूण, बटाटा त्यांच्या ताटात कधी आलाच नाही. गेल्या काही वर्षांपासून मधुमेहाने सोबत धरली आहे, त्यामुळे संध्याकाळच्या दोन घासांना औषधाइतकेच महत्त्व आले आहे.

शिदोरीचा डबा मंगल कार्यालयातच राहिला, हे खंबाटकीच्या घाटात वाहनांच्या रांगेत अडकल्यावर लक्षात आले. घाट ओलांडला तेव्हा पाच वाजून गेले होते. सूर्यास्त सहाच्या सुमारास. रस्त्याकाठी झगमगीत पाट्यांचे एक मोठे फूड मॉल दिसले. त्यात फास्ट फूडच्या एका साखळीचे दुकान होते. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे घडले ते कुठल्याही पाटीखाली घडू शकले असते. त्या घटकेला मात्र ‘फास्ट’ या शब्दाचाच मोठा आधार वाटला.

पाच वाजून बारा मिनिटांनी मी काउंटरपाशी पोहोचले. पलीकडे विशी-बाविशीची एक मुलगी उभी होती. मी विचारले, “मक्याच्या दाण्यांचे सँडविच जैन मिळेल का?”

“हो मॅडम, जैन होईल.”

“किती वेळ लागेल? आमच्या आत्याबाईंना सूर्यास्ताच्या आत खायचे आहे.”

“पाच-दहा मिनिटं मॅडम.”

पैसे दिले, क्रमांकाची चिठ्ठी घेतली आणि आम्ही निश्चिंत होऊन बसलो. पाच-दहा मिनिटांची वीस झाली. मधल्या काळात दोन आरामबस येऊन थांबल्या आणि रांग दारापर्यंत गेली. भिंतीवरच्या पडद्यावर आमचा क्रमांक ‘तयार’ या रकान्यात झळकला, म्हणून मी लगबगीने गेले, तर तेथे काहीच नव्हते. “येतंय मॅडम.” परत येऊन बसले. काही वेळाने क्रमांक पडद्यावरून नाहीसाच झाला. पुन्हा गेले. “येतंय मॅडम.” मुलीचे डोळे माझ्याकडे नव्हते. ते माझ्यामागच्या रांगेवर होते.

पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी पुडके हाती आले. आत्याबाईंनी कागद उलगडला, पावाचा वरचा काप अलगद उचलला आणि तो परत ठेवून दिला. “सुनबाई, ह्याला लसणाचा वास येतोय गं.”

पुढची आठ मिनिटे मी काउंटरपाशी काय काय बोलले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. जन्मभर शाळेत मुलांना ‘हळू बोला’ सांगणारी मी, त्या दिवशी माझा आवाज त्या सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला. व्यवस्थापक आले. “सॉरी मॅडम, नवीन बनवून देतो, दहा मिनिटांत.” आणखी एकदा दहा मिनिटे! मी वळून पाहिले तेव्हा आत्याबाईंनी चूळ भरून हात जोडले होते. काचेबाहेर डोंगरामागे सूर्य गेला होता.

बाहेर पडताना फाटकाशी केळी आणि संत्र्यांची एक हातगाडी उभी दिसली. तासाभरापासून ती तेथेच असावी. मी भांडत होते त्या आठ मिनिटांत दोन केळी सहज खाऊन झाली असती.

सांगलीला पोहोचेपर्यंत आत्याबाई शांत होत्या. उपाशीपोटी गोळी घ्यायची नव्हती, म्हणून ती टळली. त्यांनी ‘मला काही होत नाही’ असे म्हणून डोळे मिटले, तरी मी रात्री दोनदा उठून त्यांची साखर तपासली. सकाळी दूध घेता घेता त्या एवढेच म्हणाल्या, “त्या पोरीनं आधीच ‘नाही’ म्हटलं असतं, तर बरं झालं असतं. आपलं काही अडलं नसतं.”

वाचकहो, या वाक्याने माझा पिच्छा सोडला नाही. आमची तक्रार काय होती? उशीर झाला ही? गर्दीत उशीर होतोच. चुकीचा पदार्थ आला ही? चूक कोणाच्याही हातून होते. खरी तक्रार अशी की एका तासात आम्हाला तीन उत्तरे मिळाली आणि तिन्ही खोटी होती. ‘जैन होईल’ हे खोटे होते, ‘पाच-दहा मिनिटे’ हे खोटे होते आणि पडद्यावरचे ‘तयार’ हेही खोटे होते. तिन्हींपैकी एक जरी खरे मिळाले असते, तरी आत्याबाई उपाशी झोपल्या नसत्या.

पण ती मुलगी खोटे का बोलली असावी? तिचे आमच्याशी वैर नव्हते. खोटे बोलून तिचा काही लाभही नव्हता. याचे उत्तर मला आमच्या धाकट्या दिरांच्या मुलाकडून मिळाले. अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असताना त्याने पुण्यात अशाच एका दुकानात आठ महिने संध्याकाळची नोकरी केली होती. मकर संक्रांतीला तो घरी आला, तेव्हा मी सारी हकीकत त्याला सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, “काकू, तिच्या जागी मी असतो, तरी ‘होईल’ असंच म्हणालो असतो.”

त्याने जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. तो काम करीत असे तेथे एकाच स्वयंपाकघरात तीन वाटांनी मागण्या येत: काउंटरवरून, दारातल्या स्पर्शपडद्यावरून आणि घरपोच मागवणाऱ्यांच्या मोबाईलवरून. बाहेर बसलेल्या माणसाला फक्त स्वतःपुढची रांग दिसते, उरलेल्या दोन रांगा दिसत नाहीत. आत प्रत्येक मागणीसमोर घड्याळ चालू असते. ठरलेली मिनिटे उलटली की पडद्यावरची ती ओळ लाल होते. दिवसाअखेरी किती ओळी लाल झाल्या यावरून व्यवस्थापकाला जाब विचारला जातो. मग ओळ लाल होण्याच्या बेतात आली, की पदार्थ तयार नसतानाही कोणीतरी बटण दाबून ती पुसून टाकते. आत घड्याळ थांबते आणि बाहेर गिऱ्हाइकाला ‘तयार’ दिसते. आमचा क्रमांक पडद्यावर आला आणि गेला, त्याचे मर्म हे असावे.

“आणि जैन?” मी विचारले.

“पॅटी गोठवलेली येते, सॉस बंद पाकिटातून येतो. त्यात काय काय आहे, ते शीतगृहातल्या खोक्यावर छापलेलं असतं. काउंटरवरच्या मुलीनं ते खोकं कधी पाहिलेलंही नसतं. तिला इतकंच शिकवलेलं असतं, की जैन म्हटलं की वरचा कांदा काढायचा.”

“मग तिनं ‘मला ठाऊक नाही’ असं का सांगू नये?”

यावर तो जरा थांबला. “काकू, ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक तिथंच ओरडतं. ‘हो’ म्हटलं की निदान तेवढ्यापुरतं पुढं सरकतं. मागे पंधरा माणसं उभी असतात. आठ-नऊ तास उभं राहिल्यावर माणूस सोपा शब्द निवडतो.”

या ‘सोप्या शब्दा’चा इतिहास मोठा आहे. १९४८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनल्ड या दोन भावांनी आपले चालते उपाहारगृह काही महिने बंद ठेवले आणि नव्या पद्धतीने उघडले. पूर्वी तेथे सेवक मोटारीपाशी येऊन मागणी घेत आणि तबक आणून देत. नव्या पद्धतीत ते सेवक काढून टाकले. पदार्थांची लांबलचक यादी छाटून जेमतेम नऊवर आणली. चिनी मातीच्या बशा जाऊन कागदी वेष्टने आली. गिऱ्हाइकाने स्वतः खिडकीशी यावे, पैसे द्यावेत आणि आपले पुडके आपणच उचलावे, असे ठरले. बर्गरची किंमत पंधरा सेंट, म्हणजे पूर्वीच्या निम्मी झाली. जगभरच्या फास्ट फूडचा पाया तो हाच.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. स्वस्ताई आणि वेग हे दोन्ही सेवा वजा करूनच मिळालेले आहेत. आपल्या उडपी उपाहारगृहात आजही वेटर आधी पाण्याचा पेला ठेवतो, तोंडपाठ यादी म्हणतो, ‘सांबार अजून देऊ का’ असे विचारतो. फास्ट फूडच्या दुकानात पाणी विचारणारा नाही, वाढणारा नाही, टेबल पुसणाराही पुष्कळदा आपणच. हा व्यवहार आपण समजून-उमजून पत्करतो आणि त्यात गैर काही नाही. पण ताट-वाढप वजा झाल्यावर सेवा म्हणून शिल्लक उरते ती एकच गोष्ट, ती म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर. तेही मिळेनासे झाले, तर मग सेवेच्या नावाने काउंटरवर फक्त पैशाचा गल्ला उरतो.

उत्तर अर्धवट असले की काय होते, याचा एक मोठा दाखला नोंदलेला आहे. १९९० मध्ये मॅक्डोनल्ड्स कंपनीने अमेरिकेत जाहीर केले, की तिच्या दुकानांतील बटाट्याचे काप यापुढे वनस्पती तेलात तळले जातील. ते खरेच होते. तेथील कित्येक शाकाहारी कुटुंबांनी, त्यांत भारतीयही आले, त्या शब्दावर विश्वास ठेवून ते काप वर्षानुवर्षे खाल्ले. २००१ मध्ये उघड झाले, की तेल वनस्पतीचे असले, तरी काप कारखान्यात तयार होतानाच त्यांत गोमांसापासून काढलेला स्वाद अल्प प्रमाणात मिसळला जात होता. न्यायालयात दावे गेले. २००२ मध्ये कंपनीने क्षमायाचना केली आणि हिंदू, शाकाहारी व अन्य संस्थांना मिळून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारतातील कापांत असा स्वाद नसल्याचे कंपनीने त्याच वेळी स्पष्ट केले होते. या प्रकरणातून घ्यायचा बोध असा, की ‘तेल कोणते?’ या प्रश्नाला दिलेले खरे उत्तरही पुरेसे नव्हते. विचारणाऱ्याला जे जाणून घ्यायचे होते, ते त्यात नव्हते.

मनात आणले तर हेच धंदे किती ऐकू शकतात, तेही आपण पाहिले आहे. १९९६ मध्ये हीच कंपनी दिल्लीच्या वसंत विहार भागात पहिले दुकान घेऊन भारतात आली, तेव्हा येथे गोमांस आणि डुकराचे मांस विकायचे नाही असे ठरवून आली. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची तयारी स्वतंत्र ठेवली. जगात इतरत्र नसलेला बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर येथल्या जिभेसाठी काढला. कोट्यवधींचे भांडवल लावणाऱ्यांना आपल्या रूढी समजत नाहीत असे नाही. मुख्यालयात समजलेली ती गोष्ट महामार्गावरच्या काउंटरपर्यंत पोहोचते की नाही, हाच प्रश्न आहे.

आणि ज्याच्यापाशी मुख्यालय नाही, तो काय करतो? मुंबईच्या रस्त्यांवर पावभाजीच्या गाडीपाशी जाऊन पाहा. आपण तोंड उघडण्यापूर्वी कित्येकदा गाडीवालाच विचारतो, “जैन का?” ‘हो’ म्हटले की तो बटाट्याऐवजी कच्चे केळे घेतो. जाणता असेल तर कालथा निराळा काढतो, आणि तवा कांद्याचा असेल तर ‘थांबा, धुऊन घेतो’ म्हणतो. त्याला कोणी प्रशिक्षण दिलेले नाही, त्याच्यापाशी पडदा नाही, घड्याळही नाही. पण पदार्थ तो स्वतः करतो, त्यात काय पडले हे त्याच्या डोळ्यांदेखत असते, म्हणून त्याचे उत्तर खरे असते. काउंटरवरच्या मुलीला असे खरे उत्तर देण्याची सोयच कोणी करून ठेवलेली नाही. तिचे आणि अन्नाचे नाते बटणापुरते आहे.

याचा अर्थ आपण गप्प बसावे असा मुळीच नाही. कायद्याने ग्राहकाच्या हाती पुष्कळ काही दिले आहे आणि ते माहीत असलेले बरे. १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेतील त्रुटीची जी व्याख्या त्यात आहे, तीत निष्काळजीपणाबरोबरच ‘ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे’ यालाही स्थान आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असा सोपा आहे. तिच्यावर तक्रार नोंदवता येते. एवढ्याने भागले नाही, तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. मात्र बिल हवे. बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापलेला असतो. तो पाहून घ्यावा आणि बिलाचा कागद लगेच चुरगाळून टाकू नये.

हिरव्या ठिपक्याविषयीही आपल्यात एक गैरसमज आहे. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका एवढेच सांगतो, की पदार्थात मांस, मासे, अंडे यांचा अंश नाही. दूध आणि मध यांना तो नियम लागू नाही, त्यामुळे ज्यांना मध वर्ज्य आहे त्यांनी केवळ ठिपका पाहून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा यांच्याशी तर त्या ठिपक्याचा काहीच संबंध नाही. ज्या साखळीची दहा वा अधिक ठिकाणी दुकाने आहेत, तिने फलकावर पदार्थासमोर उष्मांक लिहावेत आणि वावडे असणाऱ्यांसाठी घटकांची माहिती ठेवावी, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. पण वावड्याच्या त्या यादीत गहू, दूध, शेंगदाणे, सोयाबीन असे पदार्थ येतात. कांदा-लसूण येत नाही. म्हणजे आपल्याला हवे ते उत्तर फलकावर मिळणार नाही. ते विचारूनच घ्यावे लागेल.

आणि विचारायचे कसे, हे मला त्या संध्याकाळने शिकवले. ‘जैन मिळेल का?’ हा माझा प्रश्नच मुळी ढिला होता. ‘जैन’ म्हणजे काय, हे माझ्या मनात स्पष्ट होते, तिच्या मनात नव्हते. आपल्यातही प्रत्येकाचे नियम सारखे नसतात. कोणाला बटाटा चालतो, कोणाला पावातले यीस्ट चालत नाही. मग विशी-बाविशीच्या परक्या मुलीने ते एका शब्दावरून ओळखावे, ही अपेक्षा कितपत रास्त? ‘पॅटीमध्ये किंवा सॉसमध्ये कांदा-लसूण आहे का, पाकिटावर पाहून सांगता येईल का?’ असे मी विचारायला हवे होते. ‘साडेपाचपर्यंत मिळणार नसेल तर आताच सांगा, आम्ही मुळीच रागावणार नाही,’ असेही म्हणायला हवे होते. पुतण्याच्या बोलण्यातून मला जे उमगले, ते हेच. ‘नाही’ ऐकून घेण्याची आपली तयारी आहे, हे समोरच्याला आधी कळावे लागते. वर्षानुवर्षे ‘नाही’ म्हणणाऱ्यावर खेकसून त्या मुलीला ‘हो’ म्हणायला आपणच शिकवले आहे.

आणखी एक गोष्ट कबूल करते. त्या मुलीच्या छातीवर नावाची पट्टी होती. मी तिच्यापुढे तीनदा जाऊन उभी राहिले, चौथ्यांदा तिच्यावर ओरडले, पण ते नाव मी वाचले नाही. आत्याबाईंचा नियम तिच्यामुळे मोडला नाही. त्यांनी तो उपाशी राहून सांभाळला. मात्र नातीसमक्ष बोलण्याचा जो संयम मी वर्षानुवर्षे जपला होता, तो मी त्या आठ मिनिटांत मोडला. मोटारीत नात हळूच म्हणाली होती, “आजी, ती ताई रडत होती.” मी तेव्हा उत्तर दिले नाही. आजही माझ्यापाशी ते नाही.

वेगाचे दडपण शेवटी कोणावर पडते, हे आपण विसरतो. अमेरिकेत डॉमिनोजने ‘अर्ध्या तासात पिझ्झा’ हे आपले वचन १९९३ मध्ये मागे घेतले, कारण घाईने निघालेल्या मोटारींचे अपघात आणि त्यांवरील न्यायालयीन दावे वाढत गेले होते. आपल्याला दहा मिनिटे वाचली असे वाटते, तेव्हा ती दहा मिनिटे दुसऱ्या कोणाच्या तरी पायांतून, झोपेतून किंवा खरेपणातून काढून घेतलेली असतात.

तक्रार मी केली. पण ती लिहिताना पहिला कागद फाडून टाकला, कारण त्यात सगळा राग त्या मुलीवर होता. दुसऱ्या पत्रात बिलाचा क्रमांक, वेळा आणि घडलेला प्रकार क्रमाने लिहिला. चौथ्या दिवशी उत्तर आले: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. पुढील खरेदीवर वीस टक्के सवलत.’ एका वृद्धेच्या उपाशी रात्रीची ती भरपाई वाचून मला हसावे की रडावे कळेना. मी पुन्हा लिहिले, की सवलत नको. प्रत्येक काउंटरवर पदार्थांतील सर्व घटकांची एक वही ठेवा, आणि ‘ठाऊक नाही’ किंवा ‘उशीर होईल’ असे सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणी दोष देणार नाही अशी व्यवस्था करा. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. आठवणीचे पत्र मी दरमहा पाठवते आहे. सात-आठ घरांतून अशी पत्रे गेली, तर ती वाचणारा कोणीतरी भेटेल, असा माझा विश्वास आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा पुण्याला जाण्याचा योग आला. आत्याबाई बरोबर होत्याच. या खेपेस डबा विसरला नव्हता. दशम्या, मुगाची उसळ, चार केळी अशी जय्यत तयारी होती. पण नातीला आइस्क्रीम हवे होते, म्हणून निराळ्या एका ठिकाणी थांबलो. तेथेही तसलेच काउंटर आणि तसलाच पडदा. आत्याबाई म्हणाल्या, “विचार बघू, ते मक्याचं चालेल का मला.” त्यांना खायचे नव्हते. मला कळले, की त्या माझी परीक्षा पाहत आहेत.

काउंटरवर एक मुलगा होता. मी आधी त्याच्या छातीवरची पट्टी वाचली आणि त्याला नावाने हाक मारली. मग म्हटले, “घाई नाही. मक्याच्या त्या पदार्थात कांदा किंवा लसूण आहे का, एवढे पाकिटावर पाहून सांगशील का? नसेल सांगता येत, तरी हरकत नाही.” त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मागे दोघेच होते. तो आत गेला आणि रिकामे पाकीट घेऊन आला. बोट ठेवून त्याने बारीक अक्षरे वाचली आणि मान हलवली. “मॅडम, मसाल्यात लसणाची पावडर आहे. तुम्हाला चालणार नाही.”

मी मनापासून त्याचे आभार मानले. तो जरा गोंधळला. ‘नाही’ म्हटल्यावर कोणी आभार मानतो, याची त्याला सवय नसावी. अभिप्रायाच्या वहीत त्याचे नाव घालून मी चार ओळी लिहिल्या, आणि मोटारीत येऊन आत्याबाईंना सांगितले, “नाही चालणार म्हणाला.”

“खरं बोलला बिचारा,” आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी दशम्यांचा डबा उघडला. सूर्य अजून दोन हात वर होता.